‘शिनवार’ लिहिणारा मुलगा: एका शिकवणीतलं प्रकरण

त्याच्या वह्या वर्गात सगळ्यांत पूर्ण असायच्या. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्या पूर्ण वह्यांनी झाला, आणि त्या पूर्ण करून घेणारी मी होते.

मी सिंहगड रस्त्याला आनंदनगर भागात राहत्या घरी पहिली ते सातवीच्या मुलांची शिकवणी घेते. अठरा वर्षं होत आली. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, हॉलमध्ये दोन सतरंज्या, आठ-नऊ मुलं, बहुतेक सेमी-इंग्रजीची. डी.एड. झालंय. विशेष शिक्षणाची पदवी माझ्याकडे नाही, त्यामुळे पुढे जे लिहिलंय त्यातलं निदान माझं नाही. ते ज्यांनी करायचं त्यांनीच केलं. माझ्या हातात होतं ते बघणं, शिकवणं आणि वेळेवर बोलणं. यातलं तिसरं काम मी फार वाईट केलं, तेही सांगणार आहे.

मुलाला इथे सोनू म्हणते. पुण्यात दर दुसऱ्या सोसायटीत एक सोनू असतो, त्यामुळे कुणाला ओळख पटायची नाही. घरच्या काही गोष्टी मुद्दाम बदलल्या आहेत. हे सगळं मी त्याच्या आईला वाचून दाखवलं, त्यांची हरकत नाही.

सोनू माझ्याकडे आला जून २०२२ मध्ये, चौथीत असताना. वडील मार्केट यार्डात भुसार विभागात एका गाळ्यावर दिवाणजी. आई घरी ब्लाउज शिवतात, दारावर ‘फॉल-पिको करून मिळेल’ अशी पाटी. घरात आजी आणि मोठी बहीण. आईची तक्रार एका दमात सांगून झाली: “मॅडम, हुशार आहे हो तो, पण आळशीपणा करतो. वही अपुरी ठेवतो, मग टीचर शेरा मारतात.”

शिकवणीच्या धंद्यात हे ऐकलं की उपाय तयारच असतो. शेजारच्या मुलाची वही घ्यायची, नाहीतर अप्पा बळवंत चौकातून आणलेलं गाइड उघडायचं, आणि समोर बसवून उतरवून घ्यायचं. महिन्याभरात सोनूच्या वह्या पूर्ण झाल्या. अक्षर मोठं, गोल, लिहिणं सावकाश, पण पान देखणं. शेरे थांबले. दिवाळीला चकल्यांचा डबा आला. आई खूश, शाळा खूश, मी तर खूशच.

तोंडी तो सगळ्यांच्या पुढे असायचा. चौथीला इतिहासाला शिवाजी महाराजांचं चरित्र असतं. अफजलखानाच्या भेटीचा प्रसंग विचारला की हा उभा राहून हातवारे करून सांगायचा, बाकीची मुलं पेन्सिली खाली ठेवून ऐकायची. बहीण घरी मोठ्याने वाचून दाखवते आणि हा ऐकून पाठ करतो, हे मला वर्षभराने कळलं.

वाचन कच्चं आहे हे दिसत नव्हतं असं नाही. पण त्या तुकडीत कुणाचं वाचन पक्कं होतं? मार्च २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा सोनूची पहिली संपत आली होती. दुसरी अख्खी मोबाइलवर, आणि घरातला एकुलता मोबाइल वडिलांबरोबर दिवसभर गाळ्यावर. ‘लॉकडाउनची मुलं’ एवढं म्हटलं की शाळेला, पालकांना आणि आम्हा शिकवणीवाल्यांना, सगळ्यांनाच पुरायचं. पुढे येईल हळूहळू, असं मीही दोन-तीनदा म्हटल्याचं आठवतं.

*

जुलै २०२३. पाचवी सुरू होऊन महिना झाला होता. मराठीच्या धड्याखालचे प्रश्न चालू होते, सोनू गाइडवरून उतरवत होता. वही बघताना एका उत्तराच्या शेवटी त्याच्या गोल अक्षरात दिसलं: ‘(पाठ्यपुस्तक पान क्र. ३४ पाहा.)’ गाइडवाल्याची सूचना, कंसासकट, पूर्णविरामासकट.

मला हसू आलं. म्हटलं, “अरे, हे कशाला लिहिलंस? खोड ते.” तोही हसला, खोडरबर घेतलं आणि खोडलं. वही परत आली तेव्हा कंस जागेवर होता. खोडली होती त्याच्या वरची ओळ, म्हणजे खरं उत्तर.

माझ्या पोटात धस्स झालं. बाकीच्यांना कामाला लावून त्याला स्वयंपाकघरात नेलं, तीच वही पुढे ठेवली आणि म्हटलं, “तूच लिहिलंयस ना, वाच बघू.” त्याने ओळीखाली बोट ठेवलं आणि घडाघडा उत्तर सांगितलं. उत्तर बरोबर होतं. फक्त ते सांगून संपलं तेव्हा बोट दीड ओळ मागे होतं. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि बोट सरकवून शेवटापर्यंत नेलं, हिशोब जुळवावा तसं.

वर्षभर त्याने माझ्यासमोर शेकडो पानं लिहिली होती, आणि ती त्याच्या लेखी चित्रं होती. रांगोळीचे ठिपके बघून काढावेत तशी एकेक रेघ बघून काढलेली.

दुसऱ्या दिवशी त्याला पाच वाजता, बाकीच्यांच्या आधी बोलावलं. ‘प्रथम’ संस्था २००५ पासून मुलांच्या वाचन-गणिताची ‘असर’ नावाची पाहणी करते, तिचं वाचनाचं साधन एका पानाचं आहे: अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. एका वेळी एक मूल, तोंडी. हे पान प्रत्येक शिकवणीवाल्याने भिंतीवर लावावं असं माझं मत झालंय. सोनूला अक्षरं आली, तीन सोडून. शब्दांत अडखळला. परिच्छेदात पहिलं अक्षर बघून बाकीचा शब्द अंदाजाने ठोकत होता: ‘बाजार’चं ‘बाबा’, ‘पाटी’चं ‘पाणी’. दुसरीच्या गोष्टीला चार मिनिटं लागली आणि सतरा चुका झाल्या. मुलगा पाचवीत होता.

मग दहा शब्दांचं श्रुतलेखन घेतलं. तो कागद मी जपून ठेवलाय. त्यावर आहे: शिनवार, गिणत, किवता. त्याच कागदावर ‘नदी’ आणि ‘पाणी’ मात्र बिनचूक.

या तीन शब्दांकडे मी बराच वेळ बघत बसले. चुका वेंधळेपणाच्या असत्या तर कुठेही झाल्या असत्या. इथे सगळ्या पहिल्या वेलांटीच्या होत्या. आपल्या लिपीत दीर्घ वेलांटी अक्षराच्या नंतर येते, म्हणजे तोंडाने म्हणतो त्याच क्रमाने. ऱ्हस्व वेलांटी मात्र म्हणायची नंतर आणि काढायची आधी. वेलांटी आधी येते, हे सोनूला पक्कं माहीत होतं. कुणाच्या आधी, हे नव्हतं. ‘वर्ग’चा ‘र्वग’ झाला होता, तोही याच जातीचा: र आधी ऐकू येतो, पण रफार चढतो पुढच्याच्या डोक्यावर. ज्याची वाट सरळ आहे त्याला तोंड आणि पेन्सिल अशी उलट-सुलट धावलेली जाणवतही नाही. इतकी वर्षं बाराखडी शिकवूनही मला ती जाणवली नव्हती.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी दिसली, वर्षभर डोळ्यांसमोर असून न दिसलेली. सोनू शिरोरेषा आधी मारायचा. कपडे वाळत घालायला दोरी बांधावी तशी ओळभर लांब रेघ, मग तिला अक्षरं लटकवायची. त्यामुळे पान देखणं दिसायचं. पण ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यातला ओळखीचा फरक म्हणजे डोक्यावरची तुटलेली रेघ आणि गाठ. दोरी आधीच बांधली की सगळ्यांची डोकी बंद. ‘धरण’चं ‘घरण’ होणारच. आणि आपण? आपण ‘सुंदर हस्ताक्षर’ लिहून दिलेलं असतं.

*

त्याला अध्ययन अक्षमता (इंग्रजीत लर्निंग डिसेबिलिटी, ‘एलडी’), म्हणजे डोकं चांगलं असूनही वाचणं-लिहिणं न जमणं, आहे असं मी लगेच धरलं नाही, आणि कुणी धरू नये. न वाचता येणारं प्रत्येक मूल ‘एलडी’ नसतं. नीट शिकवलंच गेलेलं नसतं, डोळे अधू असतात, एका कानाने कमी ऐकू येतं, घरात दुसरीच भाषा असते, रात्रीची झोप होत नसते. ही सगळी कारणं बाजूला काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आधी डोळे आणि कान. कान स्वच्छ निघाले. डोळ्यांना लहानसा नंबर निघाला, आणि सगळ्या घराला हायसं वाटलं. “बघा मॅडम, चष्म्यापायीच!” मलाही ते हवंच होतं. तीन आठवडे चष्मा लावून सोनूने तितकंच चुकीचं, पण जास्त स्पष्ट वाचलं.

मग शिकवण्याची कसर. माझ्याकडे त्याच लॉकडाउनच्या तुकडीतली आणखी दोन मुलं वाचनात मागे होती. तिघांना मिळून रोज वीस मिनिटं मुळाक्षरांपासून, अगदी पहिलीसारखं शिकवलं. याला कुणी प्रयोग म्हणू नये, घरगुती पडताळा आहे. पण तीन आठवड्यांत त्या दोघांनी उडी मारली. भिजत घातलेले हरभरे फुगावेत तशी ती मुलं सुटली. सोनू तेवढ्याच मेहनतीवर, किंबहुना जास्त मेहनतीवर, दोन अक्षरं पुढे सरकला. तेव्हा कुठे माझी खात्री पटली की हे काम माझ्या एकटीचं नाही.

आता माझी चूक.

सप्टेंबरात एका संध्याकाळी सुटायच्या वेळी सोनूची आई दारात भेटल्या. चार-पाच पालक चपला शोधत उभे, मुलं दप्तरं ओढतायत, रिक्षावाले काका खालून हॉर्न देतायत. आणि मी त्या गर्दीत म्हटलं, “याला जरा दाखवून घ्या तुम्ही. याच्या शिकण्यात काहीतरी अडचण आहे.” एका बाईंनी वळून पाहिलं. सोनूच्या आई “बरं” म्हणाल्या, त्याचा हात धरला आणि जिना उतरल्या.

दुसऱ्या दिवसापासून सोनू आला नाही. महिन्याची राहिलेली फी बहिणीच्या हाती पाकिटातून आली. नंतर कळलं, त्याला रस्त्यापलीकडच्या एका मोठ्या क्लासला घातलं होतं, जिथे दर रविवारी चाचणी असते आणि भिंतीवर पहिल्या दहांचे फोटो असतात. आजी शेजारच्यांना सांगत होत्या, “त्या बाई आमच्या पोराला वेडा ठरवायला निघाल्यात.”

त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. ‘दाखवून घ्या’ हे आपल्याकडे कशाकशासाठी वापरतात, हे मला माहीत असायला हवं होतं. जे बोलायला अर्धा तास, बंद दार आणि चहा लागतो, ते मी चपलांच्या ढिगाऱ्यावर उभं राहून उरकलं होतं.

दिवाळीनंतर आई स्वतः आल्या. पहिल्या सत्राचा निकाल हातात होता. मोठ्या क्लासने आठ दिवसांपूर्वीच कळवलं होतं की मुलगा बॅचबरोबर येत नाही. त्या वर्षी आणखी एक धास्ती होती: २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली होती. नापास झालं तर पुनर्परीक्षा, तिथेही अडकलं तर त्याच वर्गात. सोनू त्या पहिल्याच तुकडीत. या वेळी मी दार लावून घेतलं, चहा केला आणि बोलण्याऐवजी तो श्रुतलेखनाचा कागद पुढे ठेवला. “हे बघा, चुका कशा एकाच पद्धतीच्या आहेत. आळशी मुलगा इतक्या शिस्तीत चुकत नाही.” त्या शिवणकाम करणाऱ्या. कापड कुठे तिरकं बेतलंय ते त्यांना शिकवावं लागत नाही. कागद उलटसुलट करून म्हणाल्या, “म्हणजे याचं माप घ्यायलाच आपण चुकलो.”

*

तपासणी सरकारी रुग्णालयात झाली, पाच चकरांत. वडिलांचे पाच खाडे. आधी बालरोगतज्ज्ञ, मग बुद्धिमापन, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. बुद्धिमापनाला वापरली ती चाचणी ए. जे. मलिन यांनी नागपुरात भारतीय मुलांसाठी बेतलेली; शैक्षणिक भागासाठी बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणीमाला. बुद्धी आधी का मोजतात, हे आजींना समजावणं सगळ्यांत सोपं गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आजी, डोकं चांगलं आहे की नाही ते आधी बघतो. चांगलं असूनही वाचता येत नसेल तरच हा प्रकार.” आजी घरी येऊन सगळ्यांना सांगत सुटल्या, डॉक्टरनी लिहून दिलंय डोकं चांगलं आहे. आणि मग आपणहून म्हणाल्या, याच्या धाकट्या काकाचंही असंच होतं. सातवीत शाळा सोडली, आता नऱ्ह्याला गॅरेज आहे त्याचं. घराण्यात असं असणं वारंवार दिसतं, त्यामुळे हा प्रश्न तपासणीत विचारतातच. आमच्याकडे तो आजींनीच विचारला आणि आजींनीच उत्तर दिलं.

एक सूचना मात्र पालकांना आवर्जून करते: चाचणी मूल ज्या माध्यमात शिकतं त्या भाषेत व्हावी, हा आग्रह धरा. सोनूला इंग्रजी परिच्छेद दिला असता तर काय कळलं असतं? त्याला इंग्रजी येत नाही, एवढंच.

मार्च २०२४ मध्ये अहवाल आला: वाचन आणि लेखनात विशिष्ट अध्ययन अक्षमता, गणितात नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत, त्यात ही येते. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच प्रकार होते, त्यात ती नव्हती. जानेवारी २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतरच मिळतं, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते, आणि अठराव्या वर्षीचं कायमचं. म्हणजे पहिली-दुसरीत कुणी छापील निदान हातात देत असेल तर जरा थांबा. पण शिकवायला आठव्या वर्षाची वाट बघायचं कारण नाही. अडचण दिसली त्या दिवसापासून शिकवता येतं.

प्रमाणपत्र घ्यायचं की नाही, यावर घरात दहा दिवस वाद झाला. कागदावरचा ‘दिव्यांग’ हा शब्द वडिलांना गिळता येईना. “लग्नाच्या वेळी कुणी काढलं तर?” असं आजी म्हणाल्या, मुलगा दहा वर्षांचा असताना. मी त्यात पडले नाही. दहावीला ताशी वीस मिनिटं जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, शुद्धलेखनाला गुण कापत नाहीत, एवढं सांगितलं. निर्णय बहिणीने घेतला असं म्हणायला हरकत नाही. ती म्हणाली, “बाबा, मला चष्मा लागला तेव्हा तुम्ही तो लपवून ठेवला होता का?”

*

आता शिकवण्याविषयी. प्रशिक्षित विशेष शिक्षकांकडे आठवड्यातून एकदाच जाणं परवडत होतं. त्यांच्या दोन तासांची फी माझ्या महिन्याच्या फीपेक्षा जास्त होती. मग असं ठरलं की त्या दिशा देतील आणि रोजची वीस मिनिटं मी करून घेईन. पाच दहा ते साडेपाच, बाकीची मुलं यायच्या आधी. रविवारी सलग दोन तास बसवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं चाललं.

पहिले दीड महिने पेन्सिल बंद. आईंना हे फार जड गेलं. चिंचोके घेतले, निम्मे पांढरे रंगवले. ‘कपाट’ म्हटलं की तीन चिंचोके: क, पा, ट. मग ‘पा’ फोडायचा: प् आणि आ, एक काळा एक पांढरा. आपल्याकडे ‘पा’ हे एकच अक्षर म्हणून शिकवलं जातं, त्यात दोन आवाज लपलेत हे कुणी सांगत नाही. बहुतेकांना सांगावं लागत नाही. सोनूला सांगावं लागलं, दाखवावं लागलं, आणि हाताने सरकवून बघावं लागलं.

ज्या अक्षरांची गल्लत व्हायची ती पॉलिश पेपरची कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. घरातल्या कात्रीची धार गेली, ती आईंनीच लावून आणली. बोट फिरवायचं, आवाज काढायचा, मग स्टीलच्या ताटात रांगोळी पसरून तेच अक्षर बोटाने. शिरोरेषा सगळ्यांत शेवटी. ‘भ’ काढताना तो पुटपुटायचा, “गाठ, पोट, काठी, टोपी अर्धी.” हा मंत्र त्याचा त्याने रचला.

पहिल्या वेलांटीसाठी नियम एकच ठेवला: आधी अक्षर लिही, मग वेलांटी. छापील क्रमाला धरून बसायचं नाही. ‘श’ लिही. ‘न’ लिही. आता ‘नि’ म्हण. कुणाची वेलांटी? न ची. मग न च्या डाव्या हाताला काढ. जागा सोडून लिहायची सवय लागायला पंधरा दिवस गेले. मग एके दिवशी त्याने पहिल्यांदा न विचारता ‘शनिवार’ लिहिलं, आणि तो बुधवार होता म्हणून आम्ही दोघंही हसलो.

काय चाललं नाही, तेही लिहिते. दहा-दहा वेळा लिहून घेणं शून्य उपयोगाचं. चुकीचं दहा वेळा लिहिलं की चूक पक्की होते. आजींची शंखपुष्पी आणि भिजवलेले बदाम यांनी तब्येत सुधारली असेल, जोडाक्षरं सुधारली नाहीत. सोसायटीत कुणीतरी ‘मेंदू जागृत करण्याचा’ दहा दिवसांचा कोर्स सुचवला होता. त्याची फी ऐकून वडिलांनीच हात जोडले.

आकड्यांचं एक वेगळंच निघालं. गणितात अक्षमता नाही असं अहवालात होतं, आणि शाळेत गणित ठीकच होतं. तरी आजींबरोबर भाजीला गेला की घोटाळे. आजी म्हणाल्या “अडुसष्ट झाले, लिही,” की हा लिहायचा ८६. गंमत अशी की शाळेचं गणित इंग्रजीतून. ‘सिक्स्टी एट’मध्ये आधी साठ, मग आठ, लिहायचं त्याच क्रमाने. मराठीत आठ आधी ऐकू येतो. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आणलं तेव्हा पुण्यात किती कट्टे पेटले होते ते आठवत असेल. समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर होत्या, त्या बिचाऱ्या शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरी आणि उलट क्रमाची संख्यानामं लहान मुलांना जड जातात. मीही तेव्हा नाक मुरडणाऱ्यांत होते, कबूल करते. सोनूला ‘साठ आठ म्हणजे अडुसष्ट’ अशी जोडी लावून दिली. भाजीवाल्याच्या आकड्यांचा प्रश्न महिन्यात मिटला.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुसरीच्या पातळीची नवी गोष्ट, घड्याळ लावून. सुरुवातीला चार मिनिटांच्या आसपास आणि पंधरा चुका. म्हणजे जुलैत होता तिथेच. फेब्रुवारीत तीन मिनिटं, नऊ चुका. मे महिन्याच्या सुट्टीत गावाला गेला, जूनमध्ये आला तो पुन्हा बारा चुकांवर. त्या दिवशी मी फार चिडले, त्याच्यावर नव्हे, पण त्याला काय कळणार कुणावर. ऑगस्ट २०२४ मध्ये एक मिनिट चाळीस सेकंद, चार चुका. सहावीच्या मुलासाठी हे संथच आहे. पण तेव्हापासून तो वाचतो. अंदाज ठोकत नाही.

शाळेबद्दल थोडक्यात. मुख्याध्यापकांचं पहिलं वाक्य होतं, “आमच्याकडे अशी मुलं नाहीत.” पन्नासच्या आसपास पट सांभाळणाऱ्या वर्गशिक्षिकेने मात्र अहवाल शेवटपर्यंत वाचला. वर्गात उभं करून मोठ्याने वाचायला सांगायचं नाही, फळ्यावरचं न उतरवता फोटो काढून घरी पाठवायचा, वार्षिक परीक्षेत प्रश्नपत्रिका एकदा वाचून दाखवायची आणि वेळ वाढवून द्यायचा, हे त्यांनी मान्य केलं. अडल्या ते वह्यांवर. “मॅडम, मला कळतंय हो. पण तपासणीला वह्या मागतात. अपुरी वही दिसली की मला विचारतात, मुलाला नाही.” यावर मी काय बोलणार? वर्षभर मीही वहीच बघत होते की.

पाचवीच्या वार्षिक परीक्षेत तो इंग्रजीत अडकला, बाकी सगळ्यात सुटला. पुनर्परीक्षेत इंग्रजीही निघालं, काठावर. आज सोनू सातवीत आहे. पुढची तपासणी चौदाव्या वर्षी. सहावीपासून त्याने माझ्याकडे एक अट घातली आहे: गाइड उघडायचं नाही. उत्तर आधी तोंडी सांगतो, बहिणीच्या जुन्या मोबाइलवर स्वतःच्या आवाजात भरतो, मग ऐकत ऐकत दोन-तीन ओळी स्वतःच्या लिहितो. त्यात चुका असतात, पण वाचून दाखव म्हटलं की बोट आणि तोंड एकाच वेळी ओळीच्या शेवटाला पोचतात. यात वेळ फार जातो.

परवा त्याच्या आई आल्या होत्या. भूगोलाची वही तीन धड्यांनी मागे आहे म्हणून टीचरनी शेरा दिलाय. मी त्याखाली सही केली.